डाव्या बाजूचा मान

मी एक चांदीचं पदक बोलतोय, आणि आज जरा भरभर बोलणार आहे. इतकी वर्षं कपाटात काढल्यावर आज यॉर्कशायरच्या बोचऱ्या हवेत बाहेर पडलोय, मग गप्प कसा बसेन!

टांकसाळीत माझ्या एका अंगावर राजाचा चेहरा उठला आणि कडेवर नाव कोरलं गेलं: कॉर्पोरल एम. अकरॉइड, महिला हवाई दल. ही मेव्हिस. विमानतळावर बॉम्ब पडत होते, छत कोसळत होतं, तरी ही पोरगी टेलिफोन जोडत बसली होती. शेजारच्या खुर्चीवर तिची मैत्रीण नोरा. दोघी जागच्या हलल्या नाहीत.

लढाई संपली. मेव्हिसनं स्टॅनली थॉर्नली नावाच्या पाववाल्याशी लग्न केलं आणि मी मोज्यांच्या खणात गेलो. स्टॅनलीचे तळपाय सपाट, म्हणून सैन्यात घेतलं नव्हतं. पण माझं कौतुक त्यालाच जास्त. दर रविवारी मला असं घासायचा की राजाचं नाक झिजलं. मेव्हिस मात्र मला घालायचं नाव घेत नसे. मिरवायला लाज वाटते, म्हणायची.

या उन्हाळ्यात नोरा गेली. जाण्याआधी तिनं मेव्हिसचा हात धरून सांगितलं, "यंदा तू स्मृतिदिनाच्या संचलनात चाल. आपल्या दोघींसाठी." मेव्हिसनं शब्द दिला.

म्हणून आज, लढाईत गेलेल्यांच्या स्मृतिदिनाच्या रविवारी, मी तिच्या कोटावर डावीकडे लागलो. या दिवशी सगळेच लावतात ते लाल कागदी फूलही होतंच. शेजारी स्टॅनली. चौकात बँड, जुने सैनिक, चकचकीत बूट. मला काय आनंद झाला म्हणून सांगू!

तेवढ्यात रांगा लावणारा म्हातारा सार्जंट रॅम्सडेन आला. आमच्याकडे रीत अशी, की पदक ज्यानं मिळवलं तो डावीकडे लावतो. गेलेल्या माणसाचं घरच्यांनी उजवीकडे लावायचं. तो मायेनंच म्हणाला, "बाई, नवऱ्याचं पदक उजवीकडे लावतात. आणि बायकांची रांग तिकडे, कठड्यापाशी."

मेव्हिस लाल झाली. तिनं मला काढायला घेतलं. अगं, काय करतेस! पण माझं ऐकतंय कोण? टाचणी निघालीसुद्धा. मग तिचा हात थांबला. नोराच आठवली असणार.

"माझा नवरा हा काय, इथं उभाय," ती म्हणाली. "तो पाव भाजत होता."

रॅम्सडेननं मला हातात घेऊन कड वाचली. "अकरॉइड. म्हणजे वडिलांचं?"

"पुढं वाचा."

त्यानं चष्मा लावला. पुढचं वाचलं आणि त्याचे कान लालबुंद झाले. "चुकलो, कॉर्पोरल," तो म्हणाला. "पहिल्या रांगेत या."

तिनं मला पुन्हा डावीकडे लावलं. टाचणी घट्ट बसली. स्टॅनलीनं हळूच विचारलं, मी कुठं उभा राहू? रॅम्सडेननं कठड्याकडे बोट दाखवलं. गडी खुशीत जाऊन बायकांच्या रांगेत उभा राहिला आणि शेजारणीला कोपरानं ढोसून सांगू लागला, ती बघा, ती माझी.

बरं, आता मला वेळ नाही, ढोल सुरू झालाय. एवढंच करा: कुणा बाईच्या कोटावर माझ्यासारखा दिसला, तर कुणाचं पदक ते तिलाच विचारा. निघालो आम्ही, मेव्हिस आणि मी, तिच्या शेजारी नोराएवढी जागा मोकळी ठेवून.