आबांचा डबा

मित्रांनो, मी एक जुना फ्रीझर आहे. दूध-भाजीचा नव्हे. प्रयोगशाळेच्या मागच्या खोलीत मी उणे ऐंशी अंशांची थंडी धरून उभा असतो. माझ्याकडे येणारा प्रत्येक जण घाईत असतो. दार उघडतो, डबा उचलतो, "गारवा जातोय" म्हणत दार लावून निघून जातो. बारा वर्षांत माझ्याजवळ कुणी रेंगाळले नाही.

रेंगाळायच्या त्या फक्त संशोधक बाई. त्यांचे वडील रक्ताच्या कर्करोगाने गेले. जाण्याआधी त्यांनी स्वतःहून दिलेले रक्ताचे नमुने माझ्या वरच्या खणात होते. बाईंना त्यातला आरएनए तपासायचा होता. आरएनए म्हणजे पेशीची कामाची चिठ्ठी. तिच्या काही अक्षरांवर पेशी बारीक रासायनिक खुणा करते. अक्षर तेच राहते, पण चिठ्ठी किती वाचायची आणि कधी फाडायची, ते खुणेवरून ठरते. खुणा चुकल्या तर काही पेशी वाढतच सुटतात. वडिलांचे तसेच झाले का, एवढेच बाईंना पाहायचे होते. तपासणी पुढच्या आठवड्यात ठरली होती.

माझा बर्फ खरवडायच्या दिवशी आमचे जुने मदतनीस भाऊ डबे दुसरीकडे हलवत होते. एका डब्यावरचे नाव वाचून ते हसले. "आंबा! फळवाल्यांनी इथंही आमराई लावली का?" शेजारच्या फळ विभागाला आपले जुने नमुने नको होते. भाऊंनी तो डबा टाकायच्या सामानात ठेवला.

दुपारी बाई आल्या, तोवर सगळे वितळले होते.

"भाऊ, हा बाहेर कसा?"

"फळवाल्यांचा ना? आंबा लिहिलंय की."

"आबा लिहिलंय, भाऊ. माझे आबा."

भाऊंनी डबा उचलून डोळ्यांजवळ नेला. "अहो, पण ते टिंब..."

"माझंच पेन टेकलं असणार." बाईंनी टिंब अंगठ्याने पुसून पाहिले. ते निघाले नाही. "एका खुणेनं काय होतं, हे मी जगाला शिकवते, भाऊ!"

ऊब लागली की आरएनएचे तुकडे होतात. बाईंना उत्तर आता कधीच मिळणार नाही. त्या दुसऱ्या रुग्णांच्या नमुन्यांवर काम करतात. भाऊ प्रत्येक नाव दोनदा विचारतात.

मित्रांनो, दुसऱ्याची वस्तू टाकण्याआधी एकदा विचारा. ती कुणासाठी काय आहे, हे वरून कळत नाही.

वरच्या खणातली ती जागा रिकामीच आहे. तिथे कुणी काही ठेवत नाही. मी तीही उणे ऐंशीवर ठेवतो.