भावाच्या खिशातला नंबर

आमच्या अण्णांना भाषणाची भारी हौस. भीमजयंतीला माईक हातात आला की मुलींच्या शिक्षणावर असं काही बोलायचे, की वस्तीतल्या बायका पदरानं डोळे पुसायच्या. माझं नाव क्रांती त्यांनीच ठेवलं, धाकट्या भावाचं संघर्ष. आणि कारखान्याच्या बोनसमधून घरात पहिला मोबाईल आला, तेव्हा तो गेला कुणाच्या खिशात? संघर्षच्या. "पोरीच्या जातीला कशाला लागतोय मोबाईल?" असं अण्णा जेवता जेवता म्हणाले आणि भाकरी मोडून खायला लागले. भाषणात हे वाक्य कधी आलं नाही. मला मात्र ते आठवलं की आजही कानशिलं तापतात.

हे २००८ सालचं. शिरोळ तालुक्यातलं आमचं गाव, चारी बाजूंनी ऊस, आणि लाईट दिवसातून एकदा तोंड दाखवून जाणार. बाकीच्यांकडे साधे टॉर्चवाले फोन होते. एकदा चार्ज केले की विसरून जायचे. आमच्या संघर्षचा मात्र मल्टिमीडियाचा. त्यात गाणी, कॅमेरा, गेम, ब्लूटूथ, सगळा बाजार. सकाळी भरलेला फोन दुपारच्या जेवणाला मान टाकायचा. मग तो खिशात नुसता शोभेला.

घरात याची कारणं रोज नवी निघायची. अण्णा म्हणायचे, बॅटरी डुप्लिकेट असणार. आई म्हणायची, कुणाची तरी नजर लागली असेल, एवढा मोठा फोन घेऊन पोरगं गावभर हिंडतंय. संघर्ष म्हणायचा, रेंज ओढतंय. खरं कारण मला ठाऊक होतं, पण मला विचारतो कोण?

एकदा तो अंघोळीला गेलेला असताना वेळ बघायला मी फोन उचलला आणि मेनूचं बटण जरा जास्त वेळ दाबलं गेलं. तर पडद्यावर ही रांग! गाणी चालू, कॅमेरा चालू, गाडीचा गेम चालू, कधीतरी उघडलेलं इंटरनेट चालू, आणि वर कोपऱ्यात ब्लूटूथची निळी खूण. साहेब लाल बटण दाबून मोकळे व्हायचे. लाल बटणानं बोलणं बंद होतं ना, मग सगळंच बंद होत असणार, असा त्याचा हिशोब. पडद्यावरून चित्र गेलं म्हणजे काम संपलं! चूल नुसती झाकली म्हणून आतली लाकडं जळायची थांबतात होय?

तो अंघोळ करून आल्यावर मी त्याला दाखवलं. "हे बघ, सगळं आतनं चालूच हाय. म्हणून संपतीय तुझी बॅटरी. एकेकावर जाऊन बंद करायचं असतंय."

"तू कशाला हात लावलास?" फोन हिसकावून घेत तो म्हणाला. "काय तर बिघडलं म्हंजे?"

"निदान ब्लूटूथ तरी बंद ठेव."

"ब्लूटूथ? येडी हायस काय तू? पोरं काय म्हणतील?"

पोरं काय म्हणतील, हे मात्र खरं होतं. वस्तीतल्या पोरांच्या मंडळात रिवाजच पडला होता. ज्याच्याकडे मोठं मेमरी कार्ड, त्यानं ब्लूटूथ कायम उघडं ठेवायचं. कुणीही यावं आणि भीमगीतं, लग्नाची गाणी घेऊन जावीत. जो बंद ठेवील तो शिष्ट, त्याला कट्ट्यावर जागा नाही. अख्ख्या वस्तीला गाणी पुरवायचा मान आमच्या घराला होता. त्या मानापायी फोन दुपारीच मरायचा, आणि मी बोलले की मी येडी.

बारावीनंतर मी कोल्हापुरातल्या एका नर्सिंग कॉलेजात अर्ज केला होता. पहिल्या यादीत नाव लागलं नाही. वेटिंगला लागलं, तेही अगदी वर. ऑफिसातल्या भाऊसाहेबांनी सांगितलं, "जागा रिकामी झाली की आम्ही फोन करणार. फोन उचलला तर त्याच दिवशी मूळ कागदपत्रं घेऊन हजर व्हायचं. नाही उचलला तर पुढच्या मुलीला." आणि नंबर मागितला. घरात नंबर एकच. तो मी सांगितला. दुसरा आणायचा कुठून? गावातल्या दुकानातला, रुपया टाकून बोलायचा कॉइन बॉक्स केव्हाच बंद पडला होता.

घरी येऊन मी सगळ्यांसमोर संघर्षला बजावलं. "यादी संपस्तोवर फोन घरात ठेवायचा. गाणी न्हाईत, गेम न्हाई, काय न्हाई. माझ्या आयुष्याचा प्रश्न हाय."

"व्हय की आक्का," तो म्हणाला. "एवढं काय वरडतीस?"

अण्णा म्हणाले, "ठेवील तो. त्याला कळतंय."

त्याला काय कळतं ते रविवार उलटून सोमवार उजाडला तेव्हा कळलं. मी गोठ्यातलं शेण काढत होते. तेवढ्यात मंडळाची पोरं मोटारसायकली घेऊन आली आणि संघर्ष कुणाला न सांगता त्यांच्या मागे बसून पन्हाळ्याला गेला. फोन खिशात. पन्हाळ्यावर फोटो काढायचे होते, धुक्यात व्हिडिओ करायचा होता. जाताना सगळ्या रस्त्यानं गाणी.

दिवसभर माझा जीव टांगणीला. शेजारच्या बाळाबाईच्या फोनवरून मी त्याला लावत राहिले. दुपारपर्यंत रिंग जायची, हा उचलत नव्हता. नंतर ती बाई बोलायला लागली, आपण डायल केलेला नंबर बंद आहे. त्या बाईचा आवाज इतका गोड, की फोन दगडावर आपटावासा वाटला. पण फोन बाळाबाईचा होता.

तो आला तो दिवेलागणीला. लाईट नुकतीच आली होती. मी फोन काढून घेतला, चार्जरला लावला आणि समोर बसून राहिले. फोन चालू झाला तसे कंपनीचे मेसेज एकामागून एक यायला लागले. बाळाबाईच्या नंबरावरून कॉल येऊन गेला. आणि त्यांच्यामध्ये कोल्हापूरचा लँडलाइन नंबर, एकदा नाही, तीनदा. तो मला पाठ होता.

मी काय काय बोलले ते सगळं लिहिता येणार नाही. आई दार लावून घ्यायला धावली, एवढं सांगते. संघर्ष भिंतीला टेकून उभा राहिला आणि म्हणाला, "मी काय मुद्दाम केलं काय? बॅटरीच बोगस हाय तर मी काय करू?" आणि अण्णा, मुलींच्या शिक्षणावर बायकांना रडवणारे आमचे अण्णा, म्हणाले, "जाऊ दे गं. पोरगं हाय. नवी बॅटरी घिऊ."

माझी जागा गेली आणि हे बॅटरी घेणार!

दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं मी कॉलेज गाठलं. भाऊसाहेबांनी मान हलवली. जागा पुढच्या मुलीला गेली होती, तिनं कागदही जमा केले होते. "आम्ही तीनदा लावला, बंद येत होता. आता तुमचं नाव यादीच्या शेवटी गेलं. अजून मुली सोडतात अधूनमधून. निघाली जागा तर फोन करू."

"फोन करू नका," मी म्हटलं. "मी इथंच बसते."

"बसून काही होत नाही बाई. पद्धत आहे ती. फोनच करावा लागतो."

"मग करा. मी बसते."

मी बसले. रोज पहिल्या गाडीनं यायचं, ऑफिसच्या खिडकीशेजारच्या बाकावर पिशवीत कागद घेऊन बसायचं, शेवटच्या गाडीनं परत. घरी अण्णांचं एकच. "उगं कशाला हेलपाटं घालतीस? फोन करत्यात की ती माणसं." संघर्ष आता शहाण्यासारखा फोन घरी ठेवत होता, असं तो सांगायचा. मी त्याच्याशी बोलणं सोडलं होतं. बाकावर बसून मला राग राग यायचा. त्याचा, अण्णांचा, माझाही, की असला नंबर दिलाच कशाला. येणारे जाणारे बघायचे. शिपाई म्हणायचा, "पावणं, कुणाची वाट बघताय?" मी म्हणायचे, "माझीच."

यादीची मुदत संपत आली होती. त्या दिवशी भाऊसाहेब रजेवर होते, खिडकीत दुसऱ्या बाई होत्या. दुपारी एक मुलगी वडिलांबरोबर आली आणि कागद परत घेऊन गेली. तिला दुसरीकडे प्रवेश मिळाला होता. मी पिशवीतले कागद पुन्हा चाचपले. आत बाईंनी यादी काढली आणि एका मुलीला फोन लावला. ती येत नव्हती, तिचं लग्न ठरलं होतं. दुसरीनंही नाही म्हटलं. मग बाईंनी पुन्हा फोन उचलला आणि एकेक आकडा मोठ्यानं म्हणत बटणं दाबायला लागल्या. तो नंबर माझा होता. म्हणजे संघर्षचा होता.

बाईंनी फोन कानाला लावला. जागा माझ्यापासून हाताच्या अंतरावर, आणि ती निघाली आमच्या गावाला संघर्षच्या खिशाकडे.

"स्विच ऑफ," बाई शेजारच्या टेबलाला म्हणाल्या. "हिचा मागंही बंदच होता, शेरा मारलाय. आता नव्या अर्जातली पहिली घे."

मी कशी उठले माहीत नाही. खिडकीच्या लोखंडी जाळीवर दोन्ही हात आपटले, एवढं आठवतं.

"ओ बाई! मी हाय की इथं! माझाच नंबर हाय तो!"

बाई दचकल्या. "पण फोन बंद आहे तुमचा."

"फोन माझा न्हवंच! भावाचा हाय! मी हाय इथं, जित्ती, कागद घेऊन बसलीया! घ्या की!"

आणि पिशवीतले सगळे कागद मी जाळीच्या फटीतून आत ढकलले. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, फोटो पाहिला, पुन्हा माझ्याकडे पाहिलं. मग शिक्का ओढला. प्रवेशाची पावती हातात पडेपर्यंत मी जाळी सोडली नाही.

घरी पोहोचले तेव्हा उन्हं उतरायला आली होती. अंगणात अण्णा, आई आणि संघर्ष पत्र्याकडे तोंड करून उभे. वर, दिवसभर भाद्रपदाच्या कडक उन्हात तापलेल्या पत्र्यावर, स्टीलची ताटली होती आणि ताटलीत मोबाईलची बॅटरी. आमच्या घरची ही जुनी रीत. रेडिओचे सेल मंदावले की उन्हात ठेवायचे, दोन दिवस जास्त चालतात. अण्णांनी नवी बॅटरी घ्यायच्या आधी हा उपाय करून बघायचं ठरवलं होतं.

"सकाळधरनं ठेवलीया," अण्णा खुशीत म्हणाले. "आता बघ कशी भरतीया. मग यील तुझा फोन."

मला हसू येत होतं आणि रडूही, पण त्या दोन्हीच्या वर राग होता. मी पावती त्यांच्या तोंडापुढे धरली.

अण्णांनी चष्मा लावला, वाचली, आणि त्यांचा चेहरा असा फुलला, की एक क्षण मलाही सगळं विसरावंसं वाटलं. पावती घेऊन तसेच फाटकातून बाहेर गेले आणि कट्ट्यावर बसलेल्या माणसांना मोठ्यानं, अगदी माईकसमोर बोलतात तशा आवाजात, सांगायला लागले.

"आमच्या क्रांतीचा नंबर लागला नर्सिंगला! कॉलेजातनं फोन आलता! म्हणून म्हणतो, घरात मोबाईल पायजे!"

संघर्षही त्यांच्यामागून जाऊन मान डोलावून हसत होता. कट्ट्यावर कुणीतरी त्याच्या पाठीवर थाप मारली.

मी चप्पल न घालता फाटकापर्यंत धावले. आई मागून "गप, गप" म्हणत होती. सगळी वस्ती बघत होती, आणि बघू दे म्हटलं.

"कुणी फोन केला न्हाई!" मी ओरडले. "तुमचा फोन बंद हुता, अण्णा! मी गेलते! मी जाऊन बसलते तिथं!"