पंप_स्टॉप

सोमवारी बारापर्यंत माझं मौन असतं. मानपाड्याच्या आमच्या कंपनीत ते सगळ्यांना ठाऊक आहे. तेवढ्या वेळात मी कोड तपासते. काही सांगायचं असलं तर लिहून देते.

आम्ही सलाइनमधून मोजून औषध देणारा पंप बनवतो. त्याचा कोड सी भाषेत. त्यातल्या फंक्शनना, म्हणजे एकेक काम करणाऱ्या कोडच्या तुकड्यांना, नावं कशी द्यायची हा नियम माझाच: आधी भाग, मग काम. मोटर_स्टॉप म्हणजे फक्त मोटर थांबणार. पंप_स्टॉप म्हणजे सगळंच बंद, नळी बंद करणारा व्हॉल्व्हसुद्धा. नाव वाचलं की पुरे, असं मी नव्या माणसांना सांगते. वल्लरीलाही सांगितलेलं.

त्या सोमवारी सकाळी चाचणीत पंप थांबवला, तरी नळीतून थेंब पडत राहिले. थांबवायचा तो कोड वल्लरीचा; त्यात तिनं फक्त पंप_स्टॉप वापरलेलं. गुरुवारी तो नौपाड्यातल्या एका हॉस्पिटलात जायचा होता. आमचे प्रमुख सलिल मीटिंगमध्ये वल्लरीवर घसरले.

"पंप_स्टॉपच्या आत काय आहे, बघितलंस?"

"नाही सर. नावावरून वाटलं..."

"वाटलं! अगं, याच महिन्यात तुला कायम करायचंय. कुठल्या तोंडानं शिफारस करू?"

मी कोडच्या जुन्या नोंदी उघडल्या. पंप_स्टॉपमध्ये एकच ओळ, मोटर थांबवायची. लिहिणारी हेमा, म्हणजे मी. तेव्हा पंपाला व्हॉल्व्ह नव्हताच. तो आल्यावर मी व्हॉल्व्ह_क्लोज वेगळं लिहिलं आणि दोन्ही सवयीनं एकापाठोपाठ वापरत राहिले. जुनं नाव तसंच राहिलं.

'चूक माझी' असं चिठ्ठीवर लिहून मी पुढे सरकवली.

"हेमाताई, तुमचं बारानंतर हो," सलिल न बघताच म्हणाले. कोणीतरी हसलं. "वल्लरी, फॉर्म भर. जबाबदार कोण, तिथे तुझं नाव."

तिनं पेन उचललं.

"लिहू नकोस," मी म्हणाले.

"काय?" सलिलना नीट ऐकू गेलं नसावं. मी आवाज चढवला.

"तिनं नियम पाळला. मोडलाय मी."

"ताई, तुमचं मौन..."

"ते मोडलं. आणि गुरुवारी पंप जाणार नाही."

"हॉस्पिटलला कोण सांगणार?"

"मीच."

फॉर्मवर मी माझं नाव लिहिलं. दुपारी आम्ही दोघी नावं दुरुस्त करायला बसलो. वल्लरी प्रत्येक फंक्शन उघडून ओळ न् ओळ वाचत होती, ज्यांची नावं बरोबर होती तीसुद्धा. मी तिला थांबवलं नाही.