धाकट्याची खुर्ची

मी न्हाव्याच्या दुकानातली एक जुनी खुर्ची आहे. बिडाचा पाय, तांबडं गुबगुबीत कातडं आणि मान टेकायला वरखाली सरकणारी उशी. मित्रांनो, माझ्यावर बसला असतात, तर उठायचं नाव घेतलं नसतंत.

आम्ही दुकानात दोघी. पलीकडची मालकाची, त्यांना सगळे मामा म्हणत. मी त्यांच्या मुलाची, धाकट्याची. त्याचा हात इतका हलका, की दाढी होता होता गिऱ्हाइकं घोरायला लागत. मामा मोकळे असले तरी लोक माझ्यासाठी ताटकळत. मला त्याचा तोरा होता, खोटं कशाला बोलू?

मग समुद्रापलीकडच्या परक्या भांडणात आपल्या देशाने सैन्य पाठवलं. आपल्या उंबऱ्याला कुणी बोट लावलं नव्हतं, पण दुकानात बसलेल्यांचं रक्त उसळू लागलं. सगळ्यांत चढा आवाज हेडक्लार्कसाहेबांचा. "दोन महिन्यांत खेळ खलास! अशा वेळी तरण्याबांड पोरांनी घरात बसायचं?" असं म्हणत त्यांनी आरशातून धाकट्याकडे पाहिलं. मामांनीही मान डोलावली. जुनं गिऱ्हाईक, दुखवायचं कसं?

धाकटा गेला. गल्लीने त्याला खांद्यावर घेऊन मिरवलं. माझ्यावर शिळ्या वर्तमानपत्रांचा ढीग साठला.

दीड वर्षाने तो परतला. हातपाय शाबूत होते, पण बोटं थरथरत. वस्तरा उचलला की मामा हळूच काढून घेत. मग तो केस झाडायचा, टॉवेल वाळत घालायचा.

एकदा मामा दाढी करत असताना साहेबांनी कौतुकाने विचारलं, "काय रे शूरा, किती लोळवलेस?"

"मोजले नाहीत," धाकटा म्हणाला. "पाण्यासाठी रांग होती. बायकाच जास्त. वरून हुकूम आला, आणि..."

"गप बस," मामा पुटपुटले.

"ते विचारतायत ना, बाबा?"

साहेब गालावरच्या फेसासकट उठले. "आपल्याच सैन्याची बदनामी? लाज वाटत नाही?"

दुसऱ्याच दिवशी दुकानाची काच फुटली. दगड मारणाऱ्यांत त्याला मिरवणारेही होते. गिऱ्हाईक तुटलं. मामांनी मुलापुढे हात जोडले. "साहेबांची माफी माग, पोरा. एवढ्याने काय बिघडतं?"

"तुम्ही तरी माझं पुरतं ऐकलंत का?"

मामा काच गोळा करत राहिले. सकाळी धाकटा घरात नव्हता. कुठे गेला, आजवर कळलं नाही.

पुढे शवपेट्या येऊ लागल्या, तसे वारे फिरले. लढाईविरुद्ध मोर्चे निघाले, सैन्य परत आलं. जिंकलं कोण, ते कुणालाच सांगता येईना. गिऱ्हाइकंही परतली. परवा साहेब आले, वर्तमानपत्रं बाजूला सारून माझ्यावर टेकले आणि म्हणाले, "मी तर पहिल्यापासून सांगत होतो, आपण त्यात पडायलाच नको होतं."

"अगदी खरं!" सगळे म्हणाले.

मामांनी वस्तरा खाली ठेवला. "उठा साहेब. ती माझ्या मुलाची जागा आहे."

साहेब उठले. पण मामांना हे फार उशिरा सुचलं.

मित्रांनो, माझं कातडं उसवलंय. टाके घाला नाहीतर भंगारात द्या, माझं काही म्हणणं नाही. पण तुमच्या घरचं कुणी धाकट्यासारखं बोलू लागलं, तर दुकानात कोण बसलंय ते बघू नका. त्याच्याकडे बघा.