फाटकाबाहेर आलेला डावा बूट

मी एक जुना बूट आहे. डाव्या पायाचा, बोटांवर लोखंडी टोपी असलेला, कारखान्यात घालायचा. आपली कहाणी सांगताना गोड बोलावं म्हणतात. पण मित्रांनो, माझ्याकडून ते व्हायचं नाही. मला कात्रीने उभं कापलंय, आणि ते का, हेच मी आज सांगणार आहे.

मी जन्मलो तेव्हा असा चिडका नव्हतो. मला शिवणाऱ्या कारागिराने दुहेरी दोरा घातला, लोखंडी टोपीवर हातोडीने टकटक केलं आणि म्हणाला, "जा बाबा, कुणाचं तरी बोट वाचव." केवढा अभिमान वाटला मला! माझा उजवा भाऊ आणि मी, आम्ही दोघं साबणाच्या कारखान्यात आलो.

तिथे बुटांच्याही दोन जाती होत्या. कायम कामगारांचे बूट फळीवर, प्रत्येकाच्या मापाचे, वर्षाला नवे. आम्ही मात्र फाटकाजवळच्या लाकडी खोक्यात. ते खोकं एजन्सीवाल्यांचं. सकाळी जो येईल त्याने हाताला लागेल तो जोड चढवायचा, संध्याकाळी परत टाकायचा. आमच्यातला एकही बूट फाटकाबाहेर जाऊ द्यायचा नाही, असा हुकूम होता. पहारेकरी रोज प्रत्येकाचे पाय आणि पिशवी तपासायचा. बुटांची केवढी ती काळजी! आतल्या पायांची कुणाला पडली होती?

एजन्सी म्हणजे काय, ते सांगतो. माणूस राबतो कारखान्यात, पगार देतो तिसराच, मधल्यामध्ये आपला वाटा कापून. तक्रार केली की कारखाना म्हणतो एजन्सीला विचारा, एजन्सी म्हणते कारखान्याला विचारा. आई जेवू घालीना आणि बाप भीक मागू देईना!

अशा त्या खोक्यातून एका सकाळी वहिनीने मला उचललं. सगळे तिला वहिनीच म्हणत. तिचा पाय लहान, मी ऐसपैस. लहान माप मागितलं तर एजन्सीचा टाय लावून फिरणारा साहेब, तो टायवाला म्हणाला, "बाई, हे काय चपलांचं दुकान आहे?" मग ती रोज माझ्या पुढच्या भागात चिंधी कोंबायची आणि कामाला लागायची. संध्याकाळी मात्र ती मला पुसून ठेवायची. खोक्यातल्या बुटाला कोण पुसतं हो? तिने पुसलं.

तिचं काम काकांच्या जोडीने. काका कायम कामगार, मिशाळ आणि खोडकर. तेलाचं पिंप एका बाजूने काका धरायचे, दुसऱ्या बाजूने वहिनी. पिंप तेच, वजन तेच, घामही तोच. तिचा पगार मात्र काकांच्या जेमतेम निम्मा. काका म्हणायचे, "वहिनी, तुम्ही अर्धंच पिंप उचला, हिशेब बरोबर होईल." ती हसायची. पण तिच्या मनात एक आशा होती. कायदा असा होता, की एजन्सीचा माणूस एकाच कामावर सलग वर्षभर राहिला, की त्याला कायम कामगाराइतका पगार द्यायचा आणि आजारपणात भरपगारी रजाही.

वर्ष भरत आलं, तसा टायवाला आला. म्हणाला, "वहिनी, आठवडाभर ब्रेक घ्या. मग नव्याने भरती करू." ब्रेक म्हणजे घरी बसायचं, पगार नाही. परत आलं की वर्ष पहिल्यापासून मोजायचं. वर्ष भरू द्यायचंच नाही! ही युक्ती ज्याच्या डोक्यातून निघाली, त्याला एकदा त्या खोक्यातला जोड घालून ओल्या फरशीवर उभा करायला हवा.

वहिनी मुकाट्याने घरी गेली. आणि दोनच दिवसांत मोठी ऑर्डर आली. माणसं कमी पडली. टायवाल्याचा फोन गेला, "या कामाला. आजारी पडलेल्या बाईचं हजेरीचं कार्ड वापरा. कुठे बोलू नका, नाहीतर नवी भरती विसरा." करते काय बिचारी? आली.

त्या दिवशी फरशीवर तेल सांडलेलं होतं. माझा तळ झिजून गुळगुळीत झालेला, आत तिचा पाय सैल. पाय घसरला, पिंप कलंडलं आणि थेट माझ्यावर. माझी टोपी चेपून तिच्याच बोटांत रुतली. बोटं वाचवायला जन्मलो होतो मी, मित्रांनो! उजवा भाऊ तिथेच निघाला, मी मात्र निघेना; काकांनी तिला तशीच स्कूटरवर घालून दवाखान्यात नेलं, त्या घाईत पहारेकऱ्यानेही पाय तपासले नाहीत. पाय इतका सुजला होता, की नर्सला कात्रीने मला कापून काढावं लागलं. तिने मला पिशवीत घालून वहिनीच्या उशाशी ठेवलं.

आणि कारखान्याने? कानावर हात! "ती कामावर नव्हतीच. ब्रेकवर होती. पडली असेल रस्त्यात कुठेतरी." कार्ड दुसरीच्या नावाचं. काकांनी साक्ष द्यायची म्हटलं, तर "त्यांची जोडीदारच ती, ते म्हणणारच." म्हणजे दवाखान्याचा खर्च तिच्यावर, वर्ष गेलं पाण्यात, आणि बोट गेलं ते गेलंच.

घरी सासूबाई मला बघून म्हणाल्या, "हे काय दारात ठेवलंयस? भंगारात दे." वहिनी मला देणारच होती. तेवढ्यात फोन वाजला. टायवाला होता. "आमचा डावा बूट तुमच्याकडे आहे. उजवा इथे एकटाच पडलाय. बूट परत करा, नाहीतर जोडीचे पैसे कापीन."

वहिनीने फोन ठेवला. माझ्या आतला एजन्सीचा नंबर तिने बोटाने चाचपला. मग म्हणाली, "आई, भंगारात नको. याला मी कामगार कार्यालयात नेते."

तिथे टेबलाच्या एका बाजूला वहिनी कुबडी टेकवून बसली, शेजारी काका. दुसऱ्या बाजूला टायवाला. त्याने तेच तुणतुणं लावलं, "ती त्या आठवड्यात फाटकाच्या आत आलीच नाही." वहिनीने पिशवीतून मला काढून टेबलावर ठेवलं, शेजारी दवाखान्याचा कागद: बूट पायावरच कापून काढला, तारीख त्याच आठवड्यातली.

"अरे, हाच तो!" टायवाला खूश झाला. "मॅडम, हा आमचा बूट. आमचा नंबर आहे बघा आत."

अधिकारी बाईंनी मला उचलून बघितलं. "तुमचे बूट बाहेर नेता येतात का?"

"छे! आमची तपासणी कडक आहे. एक नाडीसुद्धा बाहेर जात नाही."

"मग त्या दिवशी हा यांच्या पायात चढला कुठे? फाटकाच्या आतच ना?"

टायवाला आपला टाय सैल करू लागला. काका मिशीतल्या मिशीत हसत म्हणाले, "घ्या! स्वतःच्याच पायावर धोंडा."

खर्च मिळाला. ब्रेक खोटा ठरला, वर्ष सलग धरलं गेलं, पगार काकांच्या बरोबरीने आला. वहिनी त्या रात्री पोटभर रडली. मला वाटलं, चला, आता तरी कारखानावाले शहाणे होतील.

कसचे होतायत! परवा काका घरी आले. तेव्हा काका हसत नव्हते. म्हणाले, "वहिनी, त्यांनी नवा हुकूम काढलाय. ब्रेकमध्ये बोलावलेल्यांना बूटच द्यायचे नाहीत. पुन्हा पुरावा नको म्हणे. आज चार बाया चपला घालून पिंपांच्या कामावर उभ्या होत्या."

ब्रेक थांबवला नाही हो त्यांनी. बूट थांबवले! माझ्यावरून त्यांनी हाच धडा घेतला. माझ्या अंगात रक्त असतं, तर त्या क्षणी उकळलं असतं.

 आज सकाळी वहिनीने मला पुसलं, रोज पुसायची तसंच, आणि पिशवीत घातलं. सासूबाईंनी विचारलं, "आता कुठे?"

"फाटकावर," ती म्हणाली. "त्या चौघींना सांगते, बूट दिल्याशिवाय पिंपाला हात लावू नका. काका आणि फळीवरचे बूटवालेही आज त्यांच्याबरोबर बाहेरच थांबणार आहेत."

तर मित्रांनो, मी निघालोय. माझी काळजी घ्या असं मी म्हणणार नाही, माझं काय, मी कापलेलं कातडं. पण तुमच्या घरातलं कुणी उद्या कामाला निघालं, तर त्याच्या पायांकडे एकदा बघा. आणि विचारा, तुमच्या मापाचे बूट देतात ना तिथे?