मौखिक साधन, वय शहात्तर

परंदवडीच्या हौशीरामला वयाच्या शहात्तराव्या वर्षी पदवी मिळाली. शनिवारची सकाळची शाळा सुटल्यावर सहावीतल्या सहा पोरांनी ती त्याच्या ओट्यावर आणून दिली. दोन वेण्या वर बांधलेली समीक्षा पुढं झाली आणि म्हणाली, "आबा, आजपासून तुमी आमचं मौखिक साधन."

हौशीरामला आधी वाटलं, कार्टी चेष्टा करतायत. मग हळूहळू उलगडा झाला. शाळेतल्या सारिकाबाईंनी इतिहास शिकवायची नवीच रीत काढली होती. पुस्तक मिटून ठेवायचं आणि गावाचा इतिहास पोरांनी स्वतः हुडकायचा. जुना कागद हे लिखित साधन, जुनी वस्तू हे भौतिक साधन आणि जुनं माणूस हे मौखिक साधन. या सहा जणांच्या वाट्याला शाळेची दगडी खोली आली होती. ती साठ साली गावानं अंगमेहनतीनं उभी केली, एवढंच भिंतीवरच्या फरशीवर कोरलं होतं. पुढचं सांगणारं माणूस हवं होतं. त्या वयाची गावची तीनच माणसं हयात होती. त्यातल्या एकाला ऐकू येत नव्हतं, एक मुलाकडं चिंचवडला गेलेला. राहता राहिला हौशीराम.

हौशीरामचं घर म्हणजे दोन खोल्या, वर पत्रा आणि आत एक माणूस. बायको जाऊन चार वर्षं झाली होती. मुलगा निलेश चाकणला कंपनीत होता, फ्लॅटही तिकडंच घेतलेला. दर रविवारी तो फोन करायचा आणि विचारायचा, जेवलात का. जेवलो म्हटलं की फोन संपायचा. बाकी आठवडाभर हौशीराम बोलायचा तो दूधवाल्याशी, तेही माप कमी घातलं म्हणून. एकटेपणाची सवय होते असं लोक म्हणतात. म्हणणारे बहुतेक भरल्या घरातले असतात.

अशा माणसापुढं सहा वह्या उघडल्या आणि सहा पेन्सिली थांबून राहिल्या. हौशीरामनं चटई अंथरली, वाटीभर शेंगदाणे मधे ठेवले आणि सांगायला लागला. ओढ्यापासून शाळेपर्यंत माणसांची रांग लागली होती. दगड या हातातून त्या हातात जात होता. बाया, बाप्ये, पोरंटोरं सगळी होती. "मी बी व्हतो रांगेत," तो म्हणाला. "अकरा वर्सांचा व्हतो."

रांग खरी होती. हौशीराम मात्र तीत नव्हता. त्या साली तो परंदवडीतच नव्हता. नऊ वर्षांचा असताना बापानं त्याला शाळेतून काढून लोणावळ्याला चिक्कीच्या भट्टीवर ठेवलं, ते तो अठरा वर्षांचा होऊन परतला. रांगेचं सगळं त्यानं थोरल्या भावाकडून ऐकलं होतं. पण मी तिथं नव्हतो असं म्हणावं, तर पोरं वह्या मिटून निघून जाणार. शेंगदाणे तसेच राहणार. पाणी डोक्यावरून गेलं तर बुडायचं; हे तर घोट्याएवढंच होतं, असं त्यानं मनाला समजावलं.

निघताना समीक्षानं विचारलं, अजून काही सांगायचं राहिलंय का. हौशीराम म्हणाला, लय राहिलंय.

मग पुढचा शनिवार आला. त्या शनिवारी हौशीरामनं उजव्या पायावरचा डाग दाखवला. रांगेत दगड निसटला आणि पायावर पडला, त्याची खूण. पोरांनी डोळे मोठे केले. भौतिक साधन म्हणून त्या डागाचं चित्र सहा वह्यांत काढलं गेलं. तिसऱ्या शनिवारी अर्धवट बांधलेल्या खोलीत बिबट्या शिरला आणि कुणी काय केलं, याची हकिगत झाली. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात, पण पोरं पोट भरून जेवत होती. हौशीरामचंही पोट भरत होतं. शुक्रवारी तो चटई धुऊन वाळत घालायचा, शेंगदाण्यांत गुळाचा खडा ठेवायचा. उद्या काय सांगायचं ते ठरवत पडून राहायचा आणि झोप चांगली लागायची. शनिवार सोडून बाकीचे वार त्याला उगाच मधे आल्यासारखे वाटायला लागले.

चौथ्या शनिवारी पोरं आली ती गुमान येऊन बसली. शेंगदाण्यांना कुणी हात लावला नाही. बाईंनी शाळेच्या कपाटातून जुनं दाखल-खारीज रजिस्टर काढलं होतं. शाळेत कोण कधी आलं आणि का गेलं, याची त्यात नोंद असते. समीक्षानं त्यातल्या एका पानाचा फोटो आणला होता. तिनं तो धड्यातल्यासारखा स्पष्ट वाचला.

"हौशीराम, इयत्ता तिसरी. शाळा सोडल्याची तारीख बारा जून अठ्ठावन्न. कारण, लोणावळ्यास चिक्कीच्या भट्टीवर कामास लावले." ती थांबली. "आबा, खोली तर साठ साली बांधली. आणि दगडाचा डाग असा नसतो. माज्या आईच्या हातावर असाच हाय, उकळतं तेल उडाल्यालं."

पोरगी चिडवत नव्हती, की खोटं पाडत नव्हती. तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, आणि तेच हौशीरामला सोसलं नाही. पितळ उघडं पडलेला माणूस आवाज चढवतो, तसा त्यानं चढवला.

"मास्तरनं चुकीचं लिवलं असंल. उठा आता. मला काम हाय."

त्याला कसलंही काम नव्हतं. गेली कित्येक वर्षं नव्हतं. पोरं उठून गेली आणि घाईत सहा जणांची मिळून केलेली गटाची वही चटईवर राहिली.

ती त्यानं संध्याकाळी उघडली. तिसरीपर्यंतचं वाचन होतं, बोट धरून एकेक शब्द लागत गेला. पानावर रकाने आखले होते. साधनाचं नाव, साधनानं काय सांगितलं, लिखित साधनाशी जुळतं का. तिथं 'नाही' असं होतं. त्या रकान्याखाली लाल शाईत बाईंचं अक्षर होतं: 'चुकीचं सांगणारं साधन फेकून द्यायचं नाही. त्यानं असं का सांगितलं असेल, ते विचार करून लिहा.'

खाली सहा जणांनी सहा उत्तरं लिहिली होती. एकानं लिहिलं होतं, वय झाल्यामुळे आबा विसरले. एकानं मोठेपणासाठी असं लिहिलं होतं. एकाचं म्हणणं, आबांना गोष्टी सांगायला आवडतात. आणखी दोघांनी एकमेकांचं पाहून बिबट्याबद्दल काहीतरी लिहिलेलं. सगळ्यात शेवटी समीक्षाचं गोल अक्षर होतं: 'खरं सांगितलं असतं तर आपण पहिल्याच दिवशी उठून गेलो असतो.'

हौशीरामनं ती ओळ दोनदा वाचली आणि त्याला रडू आलं. खोटं पकडलं गेलं याची लाज होतीच. त्याहून मोठी लाज वेगळी होती. आपण एकटे आहोत हे त्यानं दूधवाल्याला कळू दिलं नव्हतं, पोटच्या पोराला कळू दिलं नव्हतं, आणि ते बारा वर्षांच्या पोरीनं वहीत लिहून ठेवलं होतं.

पुढच्या शनिवारी त्यानं वही बाहेर ओट्यावर ठेवली आणि दाराला आतून कडी घातली. आठवडाभर ज्या पावलांची वाट पाहिली ती आली. "आबा, ओ आबा," अशा हाका झाल्या. हौशीराम गुंडाळलेल्या चटईशेजारी जमिनीवर बसून राहिला, खोकला आला तो गिळला. वहीसाठी आलीत, वही घेऊन जातील, असं तो मनाशी म्हणत होता. बाहेर कुजबुज झाली. वही उचलल्याचा आवाज आला. मग दाराखालून एक कागद आत सरकला आणि पावलं लांब गेली.

बराच वेळ त्यानं कागदाला हात लावला नाही. मग उठला, चष्मा शोधला आणि दाराच्या फटीतल्या उजेडात वाचायला लागला.

'आबा, शाळेच्या खोलीचा धडा संपला. आमचा नवीन विषय लोणावळ्याची चिक्कीची भट्टी, सन १९५८ पासून पुढे. गावात या विषयाचं साधन फक्त तुम्ही आहात. आमचे बत्तीस प्रश्न तयार आहेत. एका शनिवारी एकच विचारणार, असं ठरलं आहे. प्रश्न १. भट्टीवर दुपारी तुम्ही कुणाबरोबर जेवत होता?'

हौशीराम दारापाशीच खाली बसला. जेवलात का, हे त्याला दर रविवारी विचारलं जात होतं. कुणाबरोबर, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. बायकोनं नाही, बापानं तर नाहीच. त्याला भट्टीमागची गुळाच्या ढेपांची अंधारी खोली आठवली. आईनं गावाकडून येणाऱ्याबरोबर पाठवलेली भाकरी तिसऱ्या दिवशी कडक व्हायची. मालकाची पोरं आत पाटावर बसायची आणि हा ढेपेला टेकून, उकळता पाक उडून पायावर आलेल्या फोडाला माशी बसू नये म्हणून एका हातानं वारा घालत, दुसऱ्या हातानं खायचा. बाहेरून गाडी शिट्टी देत जायची, तेव्हा तो घास तोंडात तसाच ठेवून ऐकत राहायचा. ती गाडी कामशेतावरून, वडगावावरून गावाकडं जाते, एवढं त्याला माहीत होतं.

फळीवरचा पेन्सिलीचा तुकडा त्यानं घेतला. उत्तर मोठं करता आलं असतं. भट्टीवर सोबती होता, त्याचं नाव अमुक, असा एक माणूस उभा करणं त्याला आता अवघड नव्हतं. त्यानं प्रश्नाखाली लिहिलं, 'एकटाच.' काना चुकला होता, तो खोडून नीट केला.

मग कडी काढली. गल्लीत कुणी नव्हतं, कोपऱ्यापर्यंत नुसतं ऊन पडलेलं. त्यानं चटई बाहेर आणून ओट्यावर अंथरली, तिच्या एका कडेला कागद ठेवून वर शेंगदाण्यांची वाटी ठेवली आणि दुसऱ्या कडेला स्वतः बसला. पुढच्या शनिवारला अजून सात दिवस होते.