‘नंतर’ नावाचं पान

अप्पा, म्हणजे आमचे वडील, न्हाणीघरात घसरून पडले आणि त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. आम्ही तिघं भावंडं तीन गावांना. तेव्हा दादानं फोनवरच्या नोंदींच्या अ‍ॅपमध्ये एक वही उघडली आणि धाकट्याला नि मला तिच्यात ओढलं. गोळ्या कोण आणणार, दवाखान्यात कोण नेणार, चादरी कोण बदलणार. प्रत्येक कामापुढे नाव आणि तारीख. काम झालं की चौकटीत खूण. खरं सांगते, मला हायसं वाटलं. आधी आम्ही फोनवर एकमेकांची उणीदुणी काढायचो, आता नुसत्या खुणा करायचो. धाकटा तर ‘अप्पांशी बोलणे’ हे कामसुद्धा रोज दोन मिनिटांत उरकायचा.

माझा वार शनिवार. एका शनिवारी व्यायामाची चित्रं दाखवायला मी वही उघडून फोन अप्पांच्या हातात दिला आणि कपडे वाळत घालायला गेले. परत आले तर ते चष्मा लावून वाचत होते. चित्रं नव्हे, ‘नंतर’ नावाचं पान.

ते पान दादानं पंधरा दिवसांपूर्वी केलं होतं. भाड्याचा पलंग परत करणे : धाकटा. पुस्तकं रद्दीत देणे : मी. खाली वर्तमानपत्रात द्यायचा मजकूरही तयार होता.

अप्पांनी छापखान्यात चाळीस वर्षं मुद्रितं तपासली होती.

“‘दुःखद’मधला विसर्ग खाल्लाय त्यानं,” ते म्हणाले. “आणि ‘अल्पशा आजाराने’? तीन महिने होत आले की!”

मी हसायचा प्रयत्न केला. ते हसले नाहीत.

“रद्दीचं काम तुझ्याकडे?”

“दादानं घातलंय, अप्पा.”

“हं. आणि तू काढलं नाहीस.”

त्यांनी एका बोटानं, सावकाश, त्या पानावर एक ओळ लिहिली : ‘अप्पांना विचारणे’. पुढे नाव घातलं नाही.

पाचच मिनिटांत दादाचा फोन आला. त्यांना नाही, मला. “ती ओळ अप्पांनीच लिहिलीय ना? त्यांच्या हातात फोन दिलासच कसा तू? अक्कल गहाण ठेवलीस का?”

संध्याकाळपर्यंत ती ओळ पुसली गेली होती. कुणी पुसली, ते मी विचारलं नाही.

अप्पा बरे झाले. काठी टेकत चालायला लागले. पहिल्याच आठवड्यात त्यांनी समोरच्या शाळेच्या शिपायाला बोलावून सगळी पुस्तकं देऊन टाकली. आमच्याकडे मात्र पुन्हा कधी पाण्याचा पेलाही मागितला नाही.

मी अजून शनिवारी जाते. चहा त्यांनीच करून ठेवलेला असतो. कप पुढे करतात आणि पाहुण्याला विचारावं तसं मला विचारतात, “साखर चालते ना?”